वरच्या मजल्यावर कोण राहतं?

यशवंतपूरच्या बाजारामागं, जिथं पहाटे कांद्याच्या लॉऱ्या उलट्या लागतात आणि सकाळभर रिक्षावाल्यांची तोंडं चालू असतात, त्या गल्लीत रत्नाबाई लाडांचं घर आहे. खाली तीन खोल्या, वर तीन खोल्या. खाली रत्नाबाई राहते. वर कोण राहतं, या प्रश्नाला तिनं गेली सात वर्षं सरकारला एकच उत्तर दिलंय: आम्हीच. सरकारनंही ते निमूट ऐकून घेतलं. यंदा मात्र त्याला कसली लहर आली कुणास ठाऊक, त्यानं उलट विचारलं.

विठोजीराव, म्हणजे रत्नाबाईचे यजमान, असताना कर भरायचा दिवस म्हणजे या घरात सणच असायचा. एप्रिलमध्ये भरला तर सूट मिळते, आणि सूट सोडायची म्हणजे विठोजीरावांच्या जिवावर यायचं. इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला बरी साडी नेसायला लावून ते पालिकेच्या कचेरीत जायचे. गल्ली कुठल्या दराची, छप्पर कसलं, घर किती वर्षांचं, हे भरताना तिला मोठ्यानं वाचून दाखवायचे. घर जितकं जुनं तितकी त्याची किंमत कमी धरतात, हे कळल्यावर त्यांना भारी गंमत वाटली होती. "बघ रत्ना, सरकारच्या मते आपलं घर दरवर्षी झिजतंय. आणि तू आपली दर दिवाळीला रंग देतेस!" मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोन मसाला डोसे आणि दोघांत एक कॉफी. एकच का, तर दुसरी सांगितली की सूट मिळाल्याचा उपयोग काय?

असा हा माणूस तीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात फिटर होता. अख्खं बेंगळूर ओलांडून कंपनीच्या बसनं जायचं आणि तसंच परत यायचं. तिकडंच एक खोली घ्या, असं किती जणांनी सांगितलं. "झोपायला मी घरी येतो," एवढंच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर हातात आलेला सगळा पैसा त्यांनी वरच्या मजल्यात घातला. तो मजला शंभूराजसाठी होता. एकुलता एक मुलगा, कॉम्प्युटरवाला, पुण्याच्या शुभदाशी नुकतंच लग्न झालेलं. सूनबाईला उंच पडेल म्हणून स्वयंपाकघरातला ओटा विठोजीरावांनी गवंड्याकडून दोनदा फोडून घेतला होता.

आणि ओट्याचा काळा दगड बसला त्याच महिन्यात शंभूराजनं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला फ्लॅट घेतल्याचं सांगितलं. जेवता जेवता सांगितलं. "बाबा, या गल्लीचा सरकारी दर बघा आणि तिकडचा बघा. इथं घातलेला पैसा वर येतच नाही." पोराच्या मनात वाईट काही नव्हतं, हे रत्नाबाई आजही शपथेवर सांगेल. त्यानं बापाला हिशेब सांगितला, बापानं ऐकलं ते भलतंच. विठोजीराव पानावरून उठले, हात धुतला आणि वर जाऊन त्या ओट्यावर कितीतरी वेळ पाणी मारत बसले. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं रत्नाबाईला कितीदा वाटतं. भांडण मिटवता तरी येतं. दोन वर्षांनी विठोजीराव गेले, तोवर बाप-लेकाचं बोलणं जेवलास का आणि गाडी नीट चालव, याच्या पुढं गेलं नव्हतं.

आता वरचा मजला तिनं भाड्यानं का दिला नाही, ते सांगायला हवं. बेंगळुरात नव्या घरात पाऊल टाकलं की पहिलं काम दूध उतू घालवायचं. हालु उक्किसणं म्हणतात त्याला. लाडांची पिढ्यान् पिढ्यांची माणसं चारेकशे वर्षं या मुलखात राहून कानडी शेजाऱ्यांकडून जे काही शिकली, त्यातलं हे एक. नवी शेगडी, नवं पातेलं, दूध वर येतं, काठावरून ओघळतं, आणि घर त्या माणसांचं होतं. भाडेकरूसुद्धा सामान लावायच्या आधी हेच करतो. तर वरच्या मजल्यावरचं दूध शंभूराज आणि शुभदानं उतू घालवायचं होतं. ते आले नाहीत, म्हणून रत्नाबाईनं तिथं ना स्वतः शेगडी पेटवली, ना दुसऱ्या कुणाला पेटवू दिली. दवाखान्यातल्या नर्सबाया विचारून गेल्या, बँकेतला एक सज्जन माणूस दोनदा येऊन गेला. "दिलेलं आहे," ती सांगायची. कुणाला, ते काही सांगायची नाही.

पण घर बंद ठेवायचं नाही, हा तिचा हट्ट. रोज तिन्हीसांजेला गुडघ्यावर हात ठेवत ती वर जायची, खिडक्या उघडायची, पंखा लावायची, दिवा लावून तासभर बसायची. त्यामुळं वरचं मीटर फिरायचं, थोडं थोडं. आणि इथंच घोटाळा झाला.

फुकट करंटची योजना आली तेव्हा रत्नाबाई गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पवित्राच्या दुकानात गेली. पवित्रा झेरॉक्स काढते, ऑनलाइन अर्ज भरते आणि गल्लीतल्या अर्ध्या बायकांचे पासवर्ड तिच्याच डोक्यात असतात. "रत्नाक्का, एका आधारवर एकच मीटर चालतं. वरच्याला दुसरं नाव द्या," ती म्हणाली. दुसरं नाव कुठून आणायचं? शंभूराजचं. त्याचं आधार अजून इथल्याच पत्त्याचं, आणि त्याला जोडलेला फोन नंबरही घरचाच, जो आता रत्नाबाईच्या कमरेला असतो. ओटीपी टिंग करून आला, काम झालं. एका रकान्यात मालक की भाडेकरू, असं विचारलं होतं. मालक तर खालच्या मीटरला लावून झाला होता. पवित्रानं भाडेकरूवर बोट टेकवलं आणि दोघी पुढच्या गोष्टींना लागल्या.

यंदा पालिकेच्या कॉम्प्युटरनं वीजवाल्यांच्या कॉम्प्युटरशी गप्पा मारल्या असाव्यात. नोटीस आली. वाचून दाखवताना पवित्राचा चेहरा उतरला. मालक स्वतः राहत असेल तर कर कमी, भाड्यानं दिलं तर दुप्पट. तुम्ही सात वर्षं स्वतः राहतो म्हणून भरलात, आणि वर तर भाडेकरू शंभूराज विठोजी लाड. फरक भरा, दंड भरा.

"अय्यो! पोटच्या पोराला मी भाड्यानं ठेवलंय?" रत्नाबाई इतक्या मोठ्यानं ओरडली की बाहेरचा पानवाला आत डोकावून गेला.

"अक्का, स्वल्प ऐका. माझीच चूक झाली. पण उपाय आहे. शनिवारी साहेब बघायला येणार. शंभूअण्णांनी त्यांच्यासमोर एवढंच लिहून द्यायचं की मी इथं राहतो. मुलगा आईच्या घरी राहिला तर तो भाडेकरू कसला? केस तिथंच बंद."

"मी इथं राहतो, असं लिहायचं? शंभूनं?"

"हो. आणि सही."

रत्नाबाईनं नोटीस घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली. येताना पावलं जड होती, जाताना ती बाजारातून चक्क झेंडूची फुलं घेऊन गेली. जगात कुणाला दंडाच्या नोटिशीचा आनंद झाला असेल तर तो या बाईला. सात वर्षं जे तिला तोंडानं मागता आलं नव्हतं, ते सरकार मागणार होतं, आणि तेही लेखी!

फोन लावला तेव्हा शंभूराज मीटिंगमध्ये होता. नंतर त्यानं केला. "आई, किती भरायचेत ते सांग, मी आत्ता पाठवतो."

"पैसे नकोत त्यांना. तुझी सही पाहिजे."

"ऑनलाइन नाही का होत?"

"नाही होत," रत्नाबाई म्हणाली. होत असतं तरी तिनं हेच सांगितलं असतं.

मागून शुभदाचा आवाज आला. "अरे, सॅटर्डेला जाऊन ये ना. आईंना एकटीला कशाला टेन्शन?" शुभदा चांगली मुलगी आहे, हे रत्नाबाईला पहिल्यापासून मान्य. सणासुदीला ती दोघं लेकीला घेऊन येतात, खालीच बसतात, पोटभर जेवतात, आणि रिंग रोडवर गर्दी व्हायच्या आत निघतात. मग दोन तासांनी शंभूराजचा फोन येतो: "पोचलो." इतकंच. घरी पोचलो, असं तो कधी म्हणत नाही. आता यावरून त्याला तो फ्लॅट घर वाटत नाही, असा अर्थ फक्त आईच काढू शकते, आणि रत्नाबाईनं तो काढून ठेवला होता. त्या एका न बोललेल्या शब्दावर बाईनं सात वर्षं काढली.

शनिवारच्या आधी ती वरच्या मजल्याच्या मागं लागली. साहेबाला कळलं पाहिजे ना की इथं माणूस राहतो! ट्रंकेतून शंभूराजचे शर्ट काढून दोरीवर टाकले. बाथरूममध्ये ब्रश ठेवला, उशीवर नवा अभ्रा घातला, दाराशी चपला ठेवल्या. शेवटी बाजारातून एक स्टीलचं पातेलं आणलं आणि खालची जुनी गॅसची शेगडी घासूनपुसून छोट्या सिलिंडरसकट वर नेली. लिटरभर दूधही. ते साहेबासाठी नव्हतं. पोरगा लिहून देणार, मी इथं राहतो. मग साहेब गेल्यावर दूध उतू घालवायला कितीसा वेळ लागतो? तिनं ओटा पुन्हा पुसला. विठोजीरावांनी लावलेला दगड अजून आरशासारखा होता, आणि तो पुसताना तिला एकदम भरून आलं. "बघताय ना?" ती ओट्यालाच म्हणाली.

साहेब शंभूराजच्या आधी आले. गुरुप्रसाद नावाचे, पन्नाशीचे, कपाळावर गंध, हातात टॅब. अधिकाऱ्याचा रुबाब नव्हता, चेहरा दमलेल्या माणसाचा होता. "मगा इल्लवा अम्मा?" मुलगा नाही का, म्हणून त्यांनी कानडीत विचारलं. रत्नाबाईनंही कानडीतच सांगितलं, बेळ्ळंदूरहून निघालाय, वाटेत आहे. मग एकदम जीभ चावली. जो माणूस वर राहतो, तो बेळ्ळंदूरहून कशाला येईल? "कामाला गेला होता," ती घाईनं म्हणाली. गुरुप्रसादांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि जिना चढले.

वर त्यांनी काही उलथापालथ केली नाही. नुसते उभे राहून बघत होते. दोरीवरचे शर्ट बघितले. कॉलेजातल्या पोराचे शर्ट ते, आणि नोटिशीतला माणूस होता छत्तीस वर्षांचा. भिंतीवरचं कॅलेंडर सात वर्षांपूर्वीचं, ते काढायचं रत्नाबाईला सुचलंच नव्हतं. चपलांच्या तळव्यांना धूळ नाही. मग ते स्वयंपाकघरात आले आणि ओट्यावर त्यांनी हात फिरवला. डाग नाही, चरा नाही, भिंतीवर फोडणीचा एक शिंतोडा नाही.

"अम्मा," ते हळूच म्हणाले, "हालु उक्किसलं होतं का इथं?"

आता रत्नाबाईनं साहेबाला बरंच काही सांगायचं ठरवलं होतं. मुलगा रात्री उशिरा येतो, सून माहेरी गेलीय, सगळी उत्तरं घोकून ठेवली होती. पण हा प्रश्न सरकारचा नव्हता. असं खोटं बोललं तर दूध कायमचं नासतं, असं तिला वाटलं.

"नाही साहेब," ती शेवटी म्हणाली. "तो येईल म्हणून थांबलेय."

गुरुप्रसादांनी पातेल्याकडं बघितलं, दुधाच्या पिशवीकडं बघितलं. "सरी, बरंय. येऊ दे. तो म्हणेल ते लिहितो मी," ते म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांना अजून चार घरं बघायची होती, तरी ते थांबले.

शंभूराज आला तो घामाघूम. दीड तास एकाच पुलाखाली अडकलो, म्हणाला. धडधड वर आला आणि दारातच थबकला. दोरीवर त्याचा निळा चौकटीचा शर्ट होता, कॉलेजच्या पहिल्या वर्षातला. चपला. अभ्रा. त्यानं आईकडं बघितलं. ती नुसती हसली. पकडलेल्या पोरीसारखी हसली.

गुरुप्रसादांनी टॅब पुढं केला. "तीन रकाने आहेत. मालकाचं कुटुंब राहतं, भाडेकरू राहतो, किंवा रिकामं. अम्मांचं म्हणणं, तुम्ही राहता. आधारवर पत्ता इथलाच आहे, मला अडचण नाही. तुम्ही म्हणा."

रत्नाबाईनं पदर मुठीत धरला. म्हण रे बाळा, ती मनात म्हणत होती. खोटं का असेना. एकदा म्हण.

शंभूराजनं रुमालानं मान पुसली. मग म्हणाला, "सर, बेळ्ळंदूरच्या फ्लॅटला मी स्वतः राहतो असंच लिहिलंय."

"मग दोन्हीकडं लिहून देता येणार नाही. एक सांगा."

पोरगा वाईट नाही, हे मी आधीच सांगितलंय. खोटं बोलायची सवयही नाही त्याला, त्यात तो बापावरच गेलाय. त्यानं एकदा ओट्याकडं बघितलं, एकदा त्या निळ्या शर्टाकडं, आणि खाली मान घालून म्हणाला, "इथं कुणीच राहत नाही, सर. रिकामं लिहा."

गुरुप्रसादांनी लिहिलं. फोटो काढले, सही घेतली. रिकाम्या घराला भाड्याचा दर लागत नाही, दंड नाही, फरक नाही. फक्त वीजवाल्यांकडं जाऊन ते भाडेकरूचं नाव काढून टाका. रत्नाबाई जिंकली होती, एक रुपया लागला नव्हता. निघताना साहेब दारात वळले, काही बोलणार होते, मग नुसते हात जोडून गेले.

शंभूराजला हायसं वाटलं. "झालं ना आई? उगाच घाबरली होतीस." आणि मग, आईचा चेहरा बघून, "कॉफी करतेस? इथंच कर ना, वर."

रत्नाबाईनं शेगडी पेटवली. नवं पातेलं ठेवलं, दूध ओतलं. दोघं ओट्याशी उभे. बाहेर कांद्याची लॉरी हॉर्न देत होती. दुधावर साय धरली, कडेनं बुडबुडे आले, मग दूध हळूहळू वर चढायला लागलं, काठाशी आलं. शंभूराज बघत होता. हे त्यालाही ठाऊक होतं, या गावात कुणाला ठाऊक नाही? त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी काठावर, आता ओघळणार एवढ्यात रत्नाबाईनं गॅस बंद केला. दूध खाली बसलं.

"अगं, जाऊ द्यायचं ना उतू," तो म्हणाला.

"रिकाम्या घरात कुठं दूध उतू घालवतात, बाळा?" ती म्हणाली. रागानं नाही. खालून कॉफी-साखर आणून तिनं दोन पेल्यांत कॉफी गाळली, त्याच्यात साखर जरा जास्त घातली, आणि दोघं खिडकीशी बसून प्यायली. तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. शुभदाचं ऑफिस, लेकीची शाळा, कर्जाचे हप्ते, तिकडून इकडं यायला लागणारा वेळ. ती हं हं करत होती. तुझा बाप रोज यायचा, हे तिच्या जिभेच्या टोकावर होतं. तिनं ते कॉफीबरोबर गिळलं. चार वाजता तो निघाला, गर्दी व्हायच्या आत.

तिन्हीसांजेला रत्नाबाई वर गेली. शर्ट काढून घड्या घातल्या, चपला उचलल्या. कॅलेंडरला मात्र हात लावला नाही. खिडक्या उघडल्या, पंखा लावला, दिवा लावला आणि नेहमीसारखी बसली. उरलेलं दूध ओट्यावर गार झालं होतं. फोन वाजला.

शंभूराजचा आवाज जड होता. वाटेत रडला असावा. त्यामुळंच त्याचं भान सुटलं असेल, नाहीतर नेहमीसारखं एका शब्दात उरकलं असतं.

"आई," तो म्हणाला, "घरी पोचलो गं."

"सरी बाळा," रत्नाबाई म्हणाली. "जेवून घे."